मैलांची पुण्याई

विमानतळ घराजवळ आला की कधीही विमानात न बसणाऱ्या माणसालाही आपण आता उडणार असं वाटायला लागतं. आम्हा सारसोळेकरांचं नेमकं तेच झालं. इतकी वर्षं आमचं सगळं जमिनीवर होतं. जुईनगर स्टेशनात लोकल, सारसोळे डेपोत एनएमएमटीची बस, पाम बीच रोड ओलांडला की जेट्टी आणि जेट्टीवर ताजं मावरं. ८ ऑक्टोबर २०२५ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला तिथून प्रवासी विमानं सुटू लागली, आणि आमची सोसायटी मान वर करून चालू लागली. गच्चीत पापड वाळत घालायला गेलेली मंडळी आभाळाकडे बघून "ही हैदराबादची दिसते" असं सांगू लागली. ज्यांना जुईनगरच्या फलाटावर इंडिकेटर समोर असूनही पनवेल गाडी आणि ठाणे गाडी यांतला फरक आयुष्यभर कळला नाही, त्यांना ढगांतल्या विमानाचं गाव कळू लागलं.

अशा भारलेल्या वातावरणात आमचे साडू अमेरिकेहून आले.

साडू न्यू जर्सीत असतात. एरवी ते आल्यावर आधी बॅग उघडून चॉकलेटं काढतात. या खेपेला त्यांनी आधी फोन उघडला. फोटोत ते विमानात चक्क आडवे झोपले होते. खाली गादी, डोक्याखाली उशी, अंगावर पांघरूण, पायात कंपनीने दिलेले मोजे.

"बिझनेस क्लास," ते म्हणाले.

"केवढ्याला पडला?" हे मी विचारलं नाही, माझ्या तोंडून ते आपोआप बाहेर पडलं.

"फुकट."

सासूबाई मेथी निवडत होत्या. त्यांचा हात थांबला.

"फुकट म्हणजे ऑफिसने दिला?"

"नाही हो, मैल! क्रेडिट कार्डावर किराणा घेतला, पेट्रोल भरलं, मुलाची फी भरली. त्याचे मैल जमले. पुढच्या वर्षी हिला घेऊन जपान."

'ही' म्हणजे माझी मेहुणी. तिची मान किंचित उंच झाली आणि माझ्या बायकोची नजर हळूच माझ्याकडे वळली. त्या नजरेत आमच्या साऱ्या संसाराचा किराणा होता. तेल आम्हीही आणलं होतं, डाळ आम्हीही आणली होती. त्या बदल्यात आम्हाला काय मिळालं, तर दुकानदाराकडून दर जानेवारीत एक कालनिर्णय, तेही मागितल्यावर.

"म्हणजे बोहारणीसारखंच की," सासूबाई म्हणाल्या. "जुन्या साड्या द्यायच्या, पातेलं घ्यायचं."

साडू हसले. "आई, हे फार पुढचं आहे."

पुढचं होतं खरं. बोहारीण निदान पातेलं आधी दाखवते, मग साडी मागते. इथे आधी साड्या देत राहायच्या आणि पातेलं केवढं हे शेवटी तिने सांगायचं.

हा खेळ खऱ्या अर्थाने सुरू झाला १ मे १९८१ला. आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. तिकडे अमेरिकन एअरलाइन्सने त्या दिवशी 'अ‍ॅडव्हान्टेज' नावाची योजना काढली. आमच्याच विमानाने फिरा, किती मैल उडालात ते आम्ही मांडून ठेवू, पुरेसे झाले की एक तिकीट बक्षीस. आठवड्याभरात युनायटेडनेही तेच केलं आणि मग जगात मैल न देणारी विमान कंपनी शोधावी लागेल अशी वेळ आली. आपल्या एअर इंडियाची 'फ्लाइंग रिटर्न्स' योजना १९९४ची.

पुढे कंपन्यांना कळलं की माणसं उडवण्यापेक्षा मैल विकणं सोपं. मैलाला इंधन लागत नाही, वैमानिक लागत नाही, तो दिल्लीच्या धुक्यात अडकत नाही आणि खिडकीच्या जागेसाठी भांडत नाही. कंपनीने हवेतून मैल काढायचे, बँकेला रोख पैशांत विकायचे आणि बँकेने ते आपल्याला आपल्याच खर्चाच्या बदल्यात वाटायचे. २०२०मध्ये करोनाने विमानं जमिनीवर बसवली तेव्हा युनायटेडने आपली ही योजना गहाण टाकून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. योजनेची किंमत ठरली सुमारे २२ अब्ज डॉलर. शेअर बाजार तेव्हा आख्ख्या कंपनीला, विमानांसकट, एवढे पैसे द्यायला तयार नव्हता. म्हणजे आकाशात ती जी विमानं दिसतात ती क्रेडिट कार्डाची जाहिरात आहे. आम्ही गच्चीतून तीच बघत होतो.

साडू परत गेले आणि मी कार्ड घेतलं. अर्जात 'वर्षातून किती वेळा विमानप्रवास करता?' असा रकाना होता. तिथे मी 'गरजेनुसार' असं लिहिलं. बँकेतल्या मुलीने ते वाचून माझ्याकडे आदराने पाहिलं. गरज अजून पडलेली नाही, हे तिला कुठे माहीत होतं?

कार्ड आल्यावर माझ्या स्वभावात जो फरक पडला तो पहिल्यांदा हॉटेलात दिसला. मित्रांबरोबर जेवण झालं, बिल आलं, की मराठी माणसाची एक ठरलेली कसरत असते. हात खिशाकडे निघतो, पण तो इतक्या वळणांनी जातो की पाकिटापर्यंत पोचेस्तोवर दुसऱ्या कोणीतरी पैसे दिलेले असतात. या कलेत मी तयार होतो. आता मात्र वेटर बडीशेप ठेवायच्या आत मी कार्ड काढू लागलो. "सगळ्यांचं मी देतो, तुम्ही मला नंतर द्या." मित्र गहिवरले. एकाने तर घरी फोन करून बायकोकडे माझ्या तब्येतीची चौकशी केली. पण पुढच्या खेपेला वेटर लांबून येताना दिसताच दुसऱ्याच मित्राने कार्ड उगारलं आणि साथ पसरल्याचं माझ्या लक्षात आलं. आता आमच्यात बिलावरून खरीखुरी झटापट होते. बाजूच्या टेबलावरच्या लोकांना वाटतं, काय दिलदार माणसं आहेत! आणि 'नंतर द्या'मधलं ते नंतर काही अजून उजाडलेलं नाही.

मग मी सोसायटीतल्या सगळ्यांची वीजबिलं माझ्या कार्डावर भरून द्यायला घेतली. त्यांनी मला रोख द्यायचे, माझ्या खात्यात पॉइंट, म्हणजे मैलच, पडायचे. कल्पना निर्दोष होती. पण काही दिवसांतच वॉचमन येणाऱ्याजाणाऱ्याला "लाइटवाले साहेब दुसऱ्या मजल्यावर राहतात" असं सांगू लागला. दिवे गेले की लोक माझी बेल वाजवत, म्हणजे दारावर थाप मारत, कारण बेलही गेलेली असे. एका आजींनी तर, "एवढं बिल भरून घेता आणि पंखा असा फिरतो?" म्हणून मला उभ्या उभ्या झापलं.

सोसायटीचा मेंटेनन्सही मी अ‍ॅपवरून कार्डाने भरायला लागलो. अ‍ॅपवाले त्यावर शुल्क घेतात. बायकोने वहीत हिशेब मांडून दाखवला की शुल्क जास्त आहे आणि मिळणाऱ्या पॉइंटांची किंमत कमी.

"पण हे पॉइंट आहेत," मी म्हणालो.

"आणि हे पैसे आहेत," ती म्हणाली.

या दोन वाक्यांत सगळं शास्त्र आलं, पण शास्त्र कळलं म्हणून कोणी सुधारलंय का? माझ्याहून पुढे गेलेली मंडळी देशभर होती. काहींनी राहत्या घराचं भाडं कार्डावरून आपल्याच वडिलांना नाहीतर सासूला द्यायला सुरुवात केली. पैसे या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि उंबरठ्यावर पॉइंट सांडायचे. बँकांना वास लागला आणि २०२२पासून एकेक बँक भाड्यावर एक टक्का शुल्क लावू लागली. मीसुद्धा सासूबाईंना सुचवून पाहिलं होतं.

"आई, कागदोपत्री तुम्ही माझ्या घरमालकीण व्हाल का?"

"कागद कशाला हवाय?" त्या म्हणाल्या.

जेट्टीवर मात्र माझं कार्ड चाललं नाही. समोर खाडीत फ्लेमिंगो उभे होते. ते दरवर्षी कच्छहून येतात, पावसाआधी परत जातात, आणि त्यांच्यात एकाचंही कुठल्या योजनेत खातं नाही. मी हलव्याचा भाव ठरवला आणि कार्ड पुढे केलं.

"याचं काय करू?" मासळीवाल्या मावशीने विचारलं.

"पॉइंट मिळतात."

"कोनाला?"

"मला."

"आनि मना?"

याचं उत्तर बँकेच्या माहितीपत्रकात नव्हतं. मी म्हटलं, "मावशी, हे पॉइंट साठवायचे असतात. दोन वर्षं टिकतात."

"बरफात ठेवून?"

"नाही, असेच. फोनमध्ये."

"मंग वास मारत असतीन," असं म्हणून तिने आवाज करणारा तो डबा माझ्यासमोर सरकवला. त्याने माझे पैसे मिळाल्याची घोषणा साऱ्या जेट्टीला ऐकवली. पॉइंट शून्य.

असे नकार पचवताना मला आधार असे तो थोरामोठ्यांच्या चरित्रांचा. त्यांतलं पहिलं चरित्र कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड फिलिप्स या इंजिनिअरचं. १९९९मध्ये एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने जाहीर केलं की आमच्या दहा वेष्टनांवरचे बारकोड पाठवा आणि ५०० मैल मिळवा, लवकर पाठवलेत तर दुप्पट. या गृहस्थांनी दुकानं धुंडाळून त्या कंपनीचा सगळ्यात स्वस्त पदार्थ शोधला. तो होता पुडिंग, २५ सेंटला एक वाटी. त्यांनी १२ हजारांवर वाट्या घेतल्या. एवढे बारकोड सोलणार कोण? त्यांनी पुडिंग एका धर्मादाय संस्थेला दान केलं, बदल्यात तिथल्या स्वयंसेवकांकडून बारकोड सोलून घेतले, आणि दानाबद्दल आयकरात सूटही मिळवली. सुमारे तीन हजार डॉलरांत साडेबारा लाख मैल! ही गोष्ट मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितली. बायकोने शांतपणे विचारलं, "आणि त्या बारा हजार वाट्या घरात ठेवल्या तेव्हा त्याची बायको कुठे होती?" चरित्रकारांनी या बाजूकडे दुर्लक्ष केलेलं आहे.

दुसरी मंडळी त्याहून थोर. अमेरिकन टांकसाळीने एक डॉलरची नाणी चलनात यावीत म्हणून ती घरपोच, टपालखर्च न घेता, दर्शनी किमतीला विकायला काढली. मैलवाल्यांनी हजारो नाणी कार्डावर मागवली, खोकी न फोडता बँकेत नेऊन भरली आणि त्याच पैशांनी कार्डाचं बिल चुकतं केलं. नाणी टांकसाळीतून बँकेत गेली, वाटेत यांना जगप्रवास घडला. सरकारने २०११मध्ये कार्ड घेणं बंद केलं तेव्हा कुठे हे थांबलं.

तिसरं चरित्र मात्र जरा दुःखी आहे. शिकागोच्या स्टीव्हन रोथस्टीन यांनी १९८७मध्ये अडीच लाख डॉलर मोजून अमेरिकन एअरलाइन्सचा जन्मभराचा पास घेतला. कुठेही, कितीही वेळा, पहिल्या वर्गातून. आणि ते खरोखरच उडाले. दहा हजारांहून जास्त वेळा. नुसतं जेवायला म्हणूनसुद्धा दुसऱ्या शहरात जाऊन आले. २००८मध्ये कंपनीने गैरवापराचा ठपका ठेवून पास काढून घेतला आणि प्रकरण कोर्टात गेलं. कंपनीला आपण फसवतोय असं वाटणारी गिऱ्हाइकं प्रत्येक कंपनीला हवीच असतात, त्यांच्यावरच तर धंदा चालतो. फक्त हिशेबात खरंच कंपनीच्या पुढे जाणारा माणूस तिला खपत नाही. मला ती भीती कधीच नव्हती.

माझी अडचण वेगळी होती. पॉइंट जमले, पण ते खर्च करवेनात. साडूंनी फोनवरून बजावलं होतं, "जमले की उडवा." पण आम्ही मोडायच्या आधी दहादा विचार करणाऱ्या घराण्यातले. सोनं मोडायचं नाही, ठेव मोडायची नाही, तर पॉइंट कसे मोडणार? 'राहू देत, अडीअडचणीला होतील' म्हणून मी ते ठेवून दिले. अडीअडचणीला माणूस बिझनेस क्लासने कुठे जातो, हा विचार मी केला नव्हता. मग एक दिवस मेल आला. 'आपल्या आवडत्या योजनेत काही रोमांचक बदल!' विमान कंपनी रोमांचित झाली की गिऱ्हाइकाने पाकीट घट्ट धरावं. बदल असा की ज्या पॉइंटांत काल बंगळूर होत होतं, त्यांत आज बडोदा.

तरी माझी कंपनी निदान जिवंत होती. किंगफिशर २०१२मध्ये जमिनीवर आली, तिच्याबरोबर तिचे मैलही गेले. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ला उडालं. तिची मैलांची योजना मात्र विमानांवाचून मागे राहिली आणि नाव बदलून इंटरमाइल्स झाली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ला एअर इंडियात विलीन झाली आणि तिच्या सभासदांचे पॉइंट सासरी आले. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांकडे अशाच एका बंद पडलेल्या कंपनीचा प्लॅटिनमचा बिल्ला आहे. तो त्यांनी बॅगेवरून अजून काढलेला नाही. ती बॅग घेऊन ते एसटीने चिपळूणला जातात आणि डिकी उघडताना कंडक्टरला बिल्ल्याची बाजू दिसेल अशी ठेवतात.

"काही फरक पडतो का?" मी विचारलं.

"मागच्या वेळी त्याने बॅग फेकली नाही," काका म्हणाले. "ठेवली."

मानापानाची ही भूक कंपन्यांनी बरोबर ओळखली आहे. एअर इंडियाचा तो मिश्यावाला महाराजा १९४६मध्ये बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी जन्माला घातला. १९७१मध्ये सरकारने खऱ्या महाराजांचे तनखे बंद केले, हा मात्र टिकला. आता फ्लाइंग रिटर्न्सचं नावही 'महाराजा क्लब' झालं आहे, म्हणजे संस्थानं पॉइंटांवर परत मिळू लागली. पायऱ्या आहेत रेड, सिल्व्हर, गोल्ड आणि प्लॅटिनम. आपण सगळे दारातले लाल महाराजे. गादीवर चढायचं तर खर्च वाढवायचा. कारण २०२४पासून तिथेही किती लांब उडालात यापेक्षा किती पैसे मोजलेत त्यावर पॉइंट मिळतात. महिनाभर आधी पहाटेचं स्वस्तातलं तिकीट शोधून काढणाऱ्या मराठी माणसाला महाराजा होणं आता कठीणच आहे.

शेवटी, आणखी रोमांच उसळायच्या आत, आम्ही गोव्याला जायचं ठरवलं. मी, बायको आणि सासूबाई. तिकिटं शोधायला बसलो तेव्हा कळलं की पॉइंटांवरच्या जागा फक्त त्या दिवशी मोकळ्या असतात ज्या दिवशी कोणालाच कुठेही जायचं नसतं. दिवाळीत नाही, मे महिन्यात नाही, शनिवार-रविवारी तर नावच काढू नका. घराजवळच्या विमानतळावरून नाही. मिळाली ती परीक्षेच्या दिवसांतल्या एका मंगळवारी, अंधेरीच्या विमानतळावरून. त्यातही दोन जागा पहाटेच्या विमानात आणि एक संध्याकाळच्या.

"तुम्ही आईला घेऊन पुढे व्हा," बायको इतक्या चटकन म्हणाली की मला संशय आला.

तिकीट फुकट होतं. फक्त कर, विमानतळाचं शुल्क, इंधनाचा अधिभार आणि सोयीचं शुल्क तेवढं भरायचं होतं. सोय कोणाची झाली ते पावतीवर लिहिलेलं नव्हतं. रात्री अडीचला सारसोळ्याहून अंधेरीला जायची टॅक्सी वेगळी, आणि बायकोची संध्याकाळची टॅक्सी त्याहून वेगळी.

विमानतळावर माझं खरं लक्ष लाउंजवर होतं. २ रुपयांत कार्ड घासायचं आणि हवं तेवढं खायचं, अशी त्याची ख्याती. ही सवलत मिळावी म्हणून बँकेने मागच्या तिमाहीत ठरावीक खर्चाची अट घातली होती आणि ती पुरी करायला मी गरज नसलेला मिक्सर घेतला होता. तेव्हा त्या मिक्सरच्या किमतीची इडली खायची, अशा निर्धाराने मी रांगेत उभा राहिलो. पहाटे साडेतीनला तिथे एवढी रांग होती की विमानं उगाच सोडतात असं वाटावं. दारावरच्या मुलाने कार्ड घासलं आणि म्हणाला, "सर, एकच जण."

माझ्या शेजारी सासूबाई होत्या. जावई या पदाला काही मर्यादा असतात.

त्या आत गेल्या. मी बाहेर दोन बॅगा आणि एक पिशवी सांभाळत विमानांची यादी पाठ केली. बऱ्याच वेळाने त्या प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आल्या.

"छान होतं हो. उपमा, इडली, केक, सगळं. खुर्चीसुद्धा मऊ. तुम्ही का नाही आलात?" असं म्हणून त्यांनी पर्समधून कागदी रुमालात गुंडाळलेला एक पाव काढून मला दिला. मैलांच्या जोरावर मी खाल्लेला तो पहिला घास. आत लोणी नव्हतं.

आम्ही दाबोळीला उतरलो. हॉटेल गाठून बायकोची वाट बघत बसलो. रात्री तिचा फोन आला.

"मी पोचले. तुम्ही कुठे उभे आहात?"

"आम्ही खोलीवर. टॅक्सी कर ना, जवळच आहे, वास्कोलाच."

"इथला टॅक्सीवाला वास्को म्हणताच हसला."

गोव्यात २०२३पासून दोन विमानतळ चालू आहेत, एक दाबोळीला आणि दुसरा उत्तरेला पेडणे तालुक्यात मोपाला. पॉइंटांची तिसरी जागा मोपाची होती. बायकोने आख्खा उत्तर गोवा टॅक्सीतून पाहिला, अंधारात. ती आली तेव्हा हॉटेलच्या स्वागतकक्षात आमच्या समोरच्या फ्लॅटमधलं कुटुंब भेटलं. त्यांनी पनवेलला मांडवी एक्स्प्रेस पकडली होती, वाटेत डब्यात येईल ते सगळं खाल्लं होतं, आणि सगळे एकाच गाडीतून एकाच गावी उतरले होते.

"तुम्ही विमानाने का? वा!" ते म्हणाले.

"फुकट," मी म्हणालो. बायको काही बोलली नाही. ती पावत्या एकावर एक रचत होती.

गोव्यानंतर जे पॉइंट उरले त्यांची मुदत जवळ येत होती. त्यांतून वस्तू घ्यायच्या तर योजनेच्या यादीत एक टोस्टर होता, पण मागचा मिक्सर अजून खोक्यातच होता. त्याच सुमारास भाच्याचं लग्न आलं आणि मला वाट सापडली. आहेर म्हणून पॉइंटच द्यायचे! नव्या जोडप्याला प्रवासासाठी. देताना भारदस्त, आणि बाजारात किंमत किती ते कोणालाच नक्की ठाऊक नाही. मी ५००१ पॉइंट पाठवायला घेतले. ते जाईनात. ग्राहकसेवेला फोन लावला.

"सर, हजाराच्या पटीतच ट्रान्स्फर होतात. ५००० किंवा ६०००."

"पण वरचा एक?"

"वरचा एक कशाला सर?"

"शून्यावर आहेर देत नाहीत आमच्यात."

"सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही, सर."

"तुमच्याकडे लग्नं होतात की नाही?"

"माझं मे महिन्यात आहे, सर," ती म्हणाली आणि ट्रान्स्फरचं शुल्क कापून घेतलं.

मग मी लग्नाचं पाकीट आणलं. ते आपल्याकडे वर एक रुपयाचं नाणं चिकटवूनच मिळतं. आत चिठ्ठी ठेवली, 'तुझ्या खात्यात ५००० जमा केले आहेत'. नेरुळच्या हॉलमध्ये शुक्रवारी संध्याकाळी स्वागतसमारंभ होता. स्टेजवरच्या रांगेत अर्धा तास उभा राहून मी ते पाकीट भाच्याच्या हातात ठेवलं. त्याने नमस्कार केला. नवी सून एका बँकेच्या कार्ड विभागात आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तिने तिथेच चिठ्ठी वाचली, भाच्याच्या खिशातून फोन काढला, खातं उघडलं आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, "मामा, हे तर रविवारी रात्री संपतायत."

"मग?" मी फोटोसाठी सरळ उभा राहत म्हणालो. "संसाराला लागायला दोन दिवस पुष्कळ झाले."